पसाभर कोंडा

राधाकिसन नारूच्या रोगावर बोलत होता आणि धर्मराज ऐकत असल्याचं सोंग करत होता, तेवढ्यात चपराशी वाकून त्याच्या कानाशी लागला. "डॉक्टरसाब, आपकी वालिदा आयी हैं. बाहर बैठी हैं." धर्मराजच्या मांडीवरचे कागद घसरले. ते सावरता सावरता त्याच्या डोळ्यांपुढे आधी त्याची आई, सोनूबाईच आली, तोंडात पदराचं टोक धरून उभी असलेली. पण ती इथे येणं शक्य नव्हतं. ती कधीच कुठे आली नव्हती. शाळेतल्या बक्षिसाच्या वेळी नाही, तो हैदराबादला निघाला तेव्हा गावच्या वेशीपर्यंतसुद्धा नाही. "कैसी हैं दिखने में?" त्याने विचारलं. चपराशी जरा घुटमळला. भल्या माणसाला त्याच्या आईचं वर्णन कसं करून सांगायचं, असं त्याला झालं असावं. "बुढी हैं जी. कंधे पे कंबल है. हाथ में लाठी." खांद्यावर घोंगडी म्हणजे झुंबरबाई. ती या हॉलच्या ओसरीवर, हैदराबादहून आलेल्या डॉक्टरांच्या बुटांच्या रांगेशेजारी, काठी आडवी टाकून पाय पसरून बसली असेल आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असेल, आत माझं पोरगं हाय. "वो मेरी वालिदा नहीं हैं," धर्मराज म्हणाला. "गाँव की कोई औरत है. बैठने दो." चपराशी "अच्छा जी" म्हणाला आणि निघून गेला. बस्स, एवढंच झालं. पुढच्या रांगेत बैठकीच्या अध्यक्षांनी, सदरसाहेबांनी, शेरवानीचं वरचं बटण सैल केलं, राधाकिसनने विहिरीच्या पायऱ्यांचा मुद्दा तिसऱ्यांदा सांगितला, आणि बाहेर जिनिंगचा भोंगा वाजला.

वाक्य खरं होतं. कोर्टात शपथेवर उभं केलं असतं तरी त्याने हेच सांगितलं असतं. जी बाई आपल्या पोटातून आपल्याला जन्म देते ती आई, आणि झुंबरबाईने त्याला जन्म दिलेला नव्हता. मग कान का तापावेत, तळहाताला घाम का यावा, आणि अंगठा आपोआप डाव्या नाकपुडीवर का जावा? त्या नाकपुडीला बारीक भोक होतं. हैदराबादेत हॉस्टेलवर कोणी विचारलं की तो सांगे, कांजिण्यांचा वण. डॉक्टर होऊ घातलेल्या पोरांनी ते खरं मानलं, यातच त्यांची परीक्षा झाली होती असं त्याला तेव्हा गमतीने वाटे. आता गंमत वाटत नव्हती. भोकाची कड अंगठ्याला लागत होती, आणि नाकात, कुठूनसा, कोंड्याचा वास येत होता. जात्याभोवती उरलेल्या, थोड्या ओलसर, अंगाला चिकटून खाज सुटणाऱ्या कोंड्याचा. हे काही खरं नाही, हे त्याला कळत होतं. हॉलमध्ये अत्तराचा आणि आयोडीनचा वास होता.

सोनूबाईची आधीची तीन लेकरं गेली होती. म्हणून हे चौथं झालं तेव्हा सुईणीने, द्वारकाबाईने, त्याला आईच्या कुशीत दिलंच नाही. सुपात घातलं, सूप उंबऱ्याबाहेर ठेवलं, आणि शेतात मेंढरं बसवायला आलेल्या धनगरांपैकी झुंबरबाईला हाक मारली, कारण झुंबरबाईची सगळी लेकरं जगलेली होती. झुंबरबाईने पसाभर कोंडा सोनूबाईच्या पदरात ओतला आणि पोर विकत घेतलं. मग लगोलग परत सोनूबाईच्या मांडीवर ठेवून म्हणाली, "माझं हाय. तुमी नुसतं सांभाळा." हे सगळं लेकरं नेणाऱ्या सटवाईला ऐकू जावं इतक्या मोठ्याने. तिला वाटावं, पाटलाच्या घरात लेकरू नाहीच. जे दिसतं ते मेंढरामागच्या बाईचं, आणि तिच्याकडून काही न्यायचं नाही. पुढे नाक टोचलं, कोंडिबा नाव ठेवलं, आणि सौदा पक्का झाला. तो मोडायचा तो लग्नात. हळदीच्या आधी सोनूबाईने झुंबरबाईच्या ओटीत कोंडा परत घालायचा आणि लेक सोडवून घ्यायचा. तोवर तो झुंबरबाईचा. धर्मराजने शिक्षणापायी लग्न लांबवत नेलं होतं.

या गोष्टीत खरं म्हणजे लाजण्यासारखं काही नव्हतं. गावात अशी पोरं घरटी सापडत. पण सोनूबाई हा सौदा जरा जास्तच इमानाने पाळत होती. पाहुणे आले आणि कोणी विचारलं, हा तुमचा का, तर ती म्हणे, "न्हाई, झुंबरबाईचं पोरगं हाय. आमच्याकडं असतंय." ताटात तूप सगळ्यांत जास्त त्याच्या, पण हाक मारायची ती सुद्धा फिरवून. झुंबरबाई समोर असली की, "झुंबर, तुझ्या पोराला म्हन, दूध पी." झुंबरबाई मेंढरांमागे लांब गेलेली असली की हेच ती गाईला सांगे, नाहीतर चुलीला. एकदा त्याला ताप भरला तेव्हा ती आत आलीच नाही. दाराबाहेर बसून पाण्याच्या पट्ट्या पिळून पिळून रखमाजीच्या, त्याच्या बापाच्या, हातात देत राहिली. त्या वयात त्याला सटवाई वगैरे कळत नव्हतं. आई आपल्याला शिवत नाही एवढंच कळत होतं. मागून झालेल्या बहिणीला, पुष्पीला, ती उघडपणे मांडीवर घेई, कारण पोरीवर सटवाईचा डोळा नसतो म्हणे. तो जात्यापाशी बसून कोंडा बोटाने सारखा करत राही आणि मनात म्हणे, मी एवढ्याचा. जालन्याच्या शाळेत घालताना मास्तर म्हणाले, कोंडिबा हे नाव पाटलाच्या मुलाला शोभत नाही, धर्मराज लिहू. तेव्हा तो इतका हरखला की घरी येऊन आधी गाईलाच सांगितलं.

राधाकिसनचं संपलं. टाळ्या पडल्या. राधाकिसन जालन्यातल्याच एका आडत्याचा मुलगा, मनाचा मोकळा, जागेवर येताना धर्मराजच्या खांद्यावर थाप मारून म्हणाला, "जा राजा, मी सगळ्यांना झोपवून ठेवलंय, आता तू उठव." रियासतीतल्या डॉक्टरांची ही सालाना बैठक यंदा जालन्याला भरली होती, आणि वरच्या पदवीसाठी प्रबंध लिहिणाऱ्या मुलांनी आपलं काम तिथे सगळ्यांसमोर मांडायचं असं ठरलं होतं. सदरसाहेबांनी मान डोलावली तर पदवी, आणि पदवीबरोबर हैदराबादच्या मोठ्या दवाखान्यातली जागा. मान हलवली तर पुन्हा तालुक्याचा दवाखाना, पुन्हा गावोगाव फिरणं, आणि कदाचित पुन्हा कधीच नाही. लढाईमुळे पडद्यावर चित्रं दाखवायच्या दिव्याला तेल मिळालं नव्हतं, म्हणून त्याच्या कंपाउंडरने, भुजंगने, मांजरपाटाच्या मोठ्या कापडावर तांबड्या शाईने पट्टे काढून तक्ता केला होता. एका गावाचा एक पट्टा. जितकी लेकरं मेली तितका उंच. भुजंगने तो दोन खिळ्यांवर टांगला आणि भिंतीला टेकून अदबीने उभा राहिला. वाऱ्याने कापड हललं. सगळ्यांत उंच पट्टा केदारखेड्याचा होता.

धर्मराज उर्दूतून बोलू लागला. उर्दू त्याची चांगली होती, हॉस्टेलच्या पोरांपेक्षाही घोटीव, कारण गावाकडच्या बोलीचा एकही सूर मध्ये येऊ नये म्हणून त्याने ती राखून राखून कमावली होती. खेड्यातली तान्ही लेकरं का मरतात, हा त्याचा विषय. कामाला जाणाऱ्या बाया लेकरू निजावं म्हणून अफूची गोळी चाटवतात, हे कारण. आणि किती मरतात ते शोधायची रीत त्याची स्वतःची. मेलेल्या लेकराबद्दल आईला विचारायचं नाही, तो सांगत होता. ते क्रूर आहे, आणि ती खरं सांगतही नाही. सुईणीला विचारायचं, या बाईची बाळंतपणं किती केलीस. आईला विचारायचं फक्त जिवंत लेकरांबद्दल, म्हणजे तिच्या तोंडावर हसूच येईल. मग एकातून दुसरं वजा करायचं. "बहुत खूब," सदरसाहेब पुटपुटले, आणि शेजारच्या दोघांनी माना डोलावल्या. या रीतीवर धर्मराजचं मनापासून प्रेम होतं. आयुष्यात काहीतरी नाजूक आपल्या हातून झालं असेल तर ते हेच, असं त्याला वाटे. गावोगाव तो स्वतः फिरला होता. फक्त केदारखेड्याला भुजंगला एकट्याला धाडलं होतं, कारण तिथे झुंबरबाई भर रस्त्यात "कोंड्या" म्हणून ओरडली असती, गालांवरून हात फिरवून बोटं मोडली असती, आणि भुजंगने ते सगळं पाहिलं असतं. भुजंगला त्याने हेही सांगितलेलं नव्हतं की ते आपलं गाव. त्याच्या लेखी डॉक्टर जालन्याचेच.

बोलता बोलता त्याने दाराकडे पाहिलं. झुंबरबाई ओसरीवरून उठून चौकटीशी आली होती. चपराशाने हात आडवा धरला होता, आणि त्या हातावरून ती आत बघत होती. तिला उर्दूतलं काही कळत नव्हतं. तो केदारखेड्याच्या बायांबद्दल बोलत होता, या माता आपल्याच हाताने आपल्या लेकरांना विष चाटवतात आणि नशिबाला बोल लावतात, आणि ती प्रत्येक वाक्याला मान डोलवत होती, बराबर बोलून राह्यला अशा कौतुकाने. त्याने नजर काढून कागदावर लावली. पुढचं वाक्य पाठ होतं. आई एक वेळ मेलेलं लेकरू लपवील, जिवंत लेकरू कधी लपवत नाही. तो म्हणाला, "माँ अपने ज़िंदा बच्चे को कभी नहीं छुपाती," आणि तिथेच थांबला.

न्हाई, झुंबरबाईचं पोरगं हाय. आमच्याकडं असतंय. कोणी कानात सांगितल्यासारखं नाही. ते वाक्य त्याच्याच आत इतकी वर्षं बसून होतं, आणि तो सहा तालुके पालथे घालून बायांना विचारत आला होता, बाई, जिवंत किती. त्या बाया खाली बघून आकडा सांगत आणि त्यांच्या पाठीशी नाकात वाळी घातलेलं पोर कोंबडीमागे धावत असे. धोंडू, दगडू, केरू, भिका. किती जणांना त्याने खोकल्याचं औषध दिलं होतं. हे शेजारणीचं, बाई म्हणे, आणि तो म्हणे बरं. स्वतःच्या नाकपुडीला अंगठा लावून तो बरं म्हणत आला होता. जिथे लेकरं जास्त मरतात तिथेच ती जास्त विकली जातात, आणि विकलेली कोणी मोजत नाही, म्हणजे पट्टा आणखी उंच. केदारखेड्याचा तर एवढा उंच, की कापडाच्या वरच्या काठाला लागला होता. आणि मग, घोटभर पाणी प्यायला त्याने पेला उचलला तेव्हा, उरलेलं त्याच्या ध्यानात आलं. भुजंग रखमाजी पाटलाच्या घरीही गेला असणार. द्वारकाबाईने पाच बाळंतपणं सांगितली असणार. सोनूबाईने सांगितलं असणार, एक. लेक हाय, जाफराबादला दिली. भुजंगने वजाबाकी केली असणार आणि तांबड्या शाईत बोळा बुडवला असणार. त्या पट्ट्यात, तीन भावंडांच्या शेजारी, तो स्वतः होता.

पाणी घशाखाली उतरलं तेव्हा त्याला सर्वांत आधी वाटली ती लाज, आणि तीही आपल्या चुकीची नव्हे. आईने आपल्याला मोजलं नाही याची. भुजंगसारख्या परक्या माणसाला, जो कधी पुन्हा गावात येणार नव्हता, त्यालासुद्धा तिने खरं सांगितलं नाही. मग लगेच दुसरी आली. घटकाभरापूर्वी आपण चपराशाला काय सांगितलं? आईने सांगितलं ते लेकरू जगावं म्हणून. आपण सांगितलं ते कशासाठी? त्याला हॉलमधले सगळे चेहरे एकसारखे दिसू लागले. त्याने भाषण पुरं केलं. कसं, ते त्याचं त्यालाच ठाऊक नाही. जीभ पाठ केलेलं म्हणत गेली. शेवटी सदरसाहेब उठले, काठीचं टोक उंच पट्ट्याला टेकवून म्हणाले, "ये केदारखेडा. इतना ज़्यादा क्यों? इस आँकड़े पर आपको यकीन है?" सांगायची वेळ होती ती हीच. दुसरी इतकी सोपी वेळ पुन्हा येणार नव्हती. धर्मराज म्हणाला, "जी, बिलकुल." टाळ्या पडल्या. त्या राधाकिसनच्यापेक्षा जास्त वेळ चालल्या, आणि त्यांतली प्रत्येक त्याच्या गालावर बसली. तोंड लपवायला जागा नसते तेव्हा माणूस वाकून अभिवादन करतो. त्याने तेच केलं.

चहासाठी सगळे ओसरीवर आले. तो मुद्दाम मागे राहिला होता, पण सदरसाहेबांनी त्याच्या दंडाला धरून बाहेर आणलं. ते मोठे उमद्या स्वभावाचे होते. काम आवडलं की माणसाला आपल्याजवळ ठेवत. लिंबाखाली एक सोडलेली बैलगाडी होती. गाडीच्या आडोशाला आणखी एक बाई बसली होती, तोंडात पदराचं टोक धरून. धर्मराजचे पाय जागीच राहिले. झुंबरबाई मात्र काठी टेकत तडक पुढे आली. "कोंड्या, किती वाळला रं तू," ती म्हणाली. "त्यो तुझा मानूस आल्ता गावात, पोरं मोजायला. मंग मीच त्याला इचारलं, तुझा डागदर कोन. नाव सांगितलं तवा कळलं, आपलंच पोरगं. म्हन्लं, साहेबलोकात बोलणार हाय तर जाऊन बघावं. जीव ऱ्हातो का न्हाई कुनाला ठावं." आणि गाडीकडे हनुवटी उडवून म्हणाली, "ही आपली सोबतीला आली."

सोबतीला. सोनूबाईने मान वर केली नाही. एवढ्या लांब, धुळीत, गाडीतून हिसके खात, ती सोबतीला आली होती. त्याच्या डोळ्यांना काही तरी झालं, आणि त्याने अगदी उगाच चष्मा पुसला. सदरसाहेबांनी दोघींकडे पाहिलं आणि त्यांना एकदम हुरूप आला. "कहाँ से आयीं माई? केदारखेडा? वाह." त्यांनी बाकीच्या डॉक्टरांना हाताने जवळ बोलावलं. रीत कशी चालते ते इथेच बघू म्हणाले. मग कंबरेत किंचित वाकून, जमेल तेवढ्या मराठीत, त्यांनी गाडीपाशी बसलेल्या बाईला विचारलं, "माई, तुमाला लेकरं किती? ज़िंदा?" डॉक्टर मंडळी कपबशा हातात धरून थांबली. धर्मराज तिच्यापासून हातभर अंतरावर उभा होता. त्याचं नाक तिचं होतं, हनुवटी तिची होती. नीट बघणाऱ्याला विचारायचीही गरज नव्हती. सोनूबाईने त्याच्या बुटांकडे पाहिलं. मग पदराचं टोक काढून स्पष्ट म्हणाली, "एक. लेक हाय. दिली जाफराबादला." सदरसाहेब समाधानाने मागे वळले. "देखा? कितनी आसानी से."

"आणि हे?" एका तरुण डॉक्टरने धर्मराजकडे बोट करत झुंबरबाईला हसून विचारलं, कारण तिने एव्हाना धर्मराजचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला होता. "ह्यो माझा," झुंबरबाई म्हणाली. चपराशी चहाचा ट्रे घेऊन शेजारीच उभा होता. त्याने धर्मराजकडे पाहिलं आणि मग फार भलेपणाने ट्रेकडे पाहिलं. त्या पाहण्याने धर्मराजला जे झालं ते सदरसाहेबांच्या हजार प्रश्नांनी झालं नसतं. दोन वाक्यं त्याच्या तोंडाशी आली होती. एक, मी त्या गाडीपाशी बसलेल्या बाईच्या पोटचा. ते खरं होतं, आणि ते म्हटलं की तक्त्यातली चूक जागच्या जागी सिद्ध होत होती. पण ते म्हणताच सोनूबाईचं काय होईल हे त्याला दिसत होतं. इतकी वर्षं तिने तोंडातून निघू दिलं नव्हतं ते तो चार परक्या माणसांत, भर दुपारी, आभाळाखाली उघडं करणार होता. तिला वाटलं असतं आपण आत्ता पोर घालवलं. सटवाईवर त्याचा विश्वास नव्हता. पण त्याच्या विश्वासाला इथे कोण विचारत होतं? "जी," तो म्हणाला. "ये मेरी माँ हैं." झुंबरबाईला उर्दू कळत नव्हती, पण माँ कळलं. आणि तिच्या मागे, गाडीच्या चाकाला टेकून, सोनूबाईने इतका वेळ धरलेला श्वास सोडला. तो त्याने ऐकला.

सदरसाहेबांनी झुंबरबाईला रीतसर आदाब केला. मुलाने नाव काढलं वगैरे म्हणाले, आणि कप ठेवून हॉलकडे निघाले. धर्मराज त्यांच्यामागे गेला. आता सोपी वेळ राहिलेली नव्हती, म्हणूनच की काय, बोलायला फारसं जड गेलं नाही. "हुज़ूर, केदारखेड्याचा आकडा चुकीचा आहे," तो म्हणाला. उर्दू एकदाची गावठी झाली होती आणि त्याला ती सावरावीशी वाटली नाही. "फक्त तोच नाही. सगळेच असतील. आया जिवंत लेकरं सांगत नाहीत. मघाशी मी यकीन आहे म्हणालो ते खोटं होतं." सदरसाहेब थांबले. त्यांनी आधी तक्त्याकडे, मग त्याच्याकडे पाहिलं. "आत्ता तर तुमच्यासमोर त्या बाईने सांगितलं. पुरावा काय?" "मेलेल्यांत धरलेला एक जण जिवंत आहे, मला माहीत आहे." "कौन है?" धर्मराजने दाराकडे पाहिलं. दार उघडं होतं आणि ओसरीवरचं सगळं आत ऐकू येत होतं, तसंच आतलं बाहेर. "नाम बताइए. मैं खुद मिलूँगा." "ते सांगता येणार नाही," तो म्हणाला. सदरसाहेबांचा चेहरा हळूहळू बंद झाला. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले की मग हे काम म्हणजे काहीच नाही, आकडे कुठल्या तरी टेबलावर बसून भरलेले असावेत, आणि अशा माणसाला लेकरांच्या जिवाशी खेळू देता येणार नाही. दारात आलेल्या डॉक्टरांनी हे ऐकलं. राधाकिसनने ऐकलं, आणि नको तिथे पाहिल्यासारखी मान फिरवली. भुजंगचा चेहरा पांढरा पडला होता. त्याला वाटत होतं आपल्यालाच खोटं ठरवलं. "तुझी चूक नाही," धर्मराज त्याला म्हणाला, पण हलक्या आवाजात, आणि भुजंगला ते पटलेलं दिसलं नाही. त्या बिचाऱ्याला उन्हातान्हात फिरवून वर त्याचंच नाव खराब केलं, ही एक लाज आणखी शिल्लक राहिली आणि तिच्यावर त्याला काही इलाज सुचला नाही.

तक्ता त्याने स्वतःच काढला. कापडाची घडी करताना ओली राहिलेली शाई हाताला लागली. पुन्हा फिरावं लागेल, त्याच गावांतून. या वेळी कसं विचारायचं हे त्याला माहीत नव्हतं. बायांना विचारायचं नाही, एवढं फक्त कळलं होतं. पाठीवर सगळ्यांचे डोळे घेऊन तो ओसरीच्या पायऱ्या उतरला, आणि लाज कमी झाली नव्हती, फक्त ती आता एका जागी बसली होती, पोटात, जेवण चुकलेल्या दिवसासारखी. लिंबाखाली दोघींनी फडकं सोडलं होतं. ज्वारीच्या भाकरी, वर ठेचा, आणि वाटीत तूप; ते तूप इथवर सांडू न देता कोणी मांडीवर धरून आणलं हे त्याला विचारावं लागलं नाही. आत काय झालं ते दोघींना कळलं नव्हतं. साहेब मोठ्यानं बोलले एवढं कळलं होतं. झुंबरबाई म्हणाली, "लई बोलला रं तुला त्यो. काय चुकलं व्हय?" "चुकलं," तो म्हणाला आणि मातीतच बसला. नवी पँट होती. सोनूबाईने भाकरीवर तूप ओतलं, सगळंच ओतलं, आणि भाकरी त्याच्यासमोर न धरता झुंबरबाईच्या हातात दिली.

"झुंबर," ती म्हणाली, "तुझ्या पोराला इचार, भूक लागली का."

"लागली," धर्मराज म्हणाला. कोणाकडे बघून म्हणावं हे त्याला कळेना, म्हणून तो भाकरीकडे बघत राहिला.